तिलवारा घाटावरच्या जुन्या नावा

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या दुखऱ्या खांद्याला वेगळा.

मी जबलपुरात मजेत आहे. बँकेतून सुटले की कधी तिलवारा घाटावर जाते. तिथं काठाला जुन्या नावा पडून आहेत. एकीवर तर दोडक्याचा वेल चढला आहे. संध्याकाळी म्हातारे नावाडी आपापल्या नावेत येऊन बसतात. वल्ही मात्र घरी टांगून येतात. मी विचारलं, काहून? एक काका हसले. म्हणाले, "साथ ले आए, तो नाव पानी में उतार देंगे, बिटिया."

दादा सांगत होता, तुम्ही आपल्या डोंग्याला डांबर लावून राहिले. लावा. त्यात बसतही जा. नदीला सध्या पाणी किती आहे?

वल्हं तेवढं दादाच्या हाती इकडे पाठवा. माझ्या खोलीची भिंत रिकामीच आहे.

तुमची,
नीलिमा