एकच पट्टा

१६ नोव्हेंबर २००४, श्रूजबरी

आज लॅबमध्ये कॉड माशांचं रक्त जेलच्या पातळ थरावर वीज लावून रन केलं; हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार त्यावर वेगळा पट्टा होऊन दिसतो. कुणाच्या हिमोग्लोबिनचे दोन पट्टे, कुणाचा एकच. थंड पाण्यातल्यांचा बहुतेक एकच. बॉस नाचायचाच बाकी होता. "ब्यूटिफुल!" मीही हसलो.

घरी आलो तर नागपूरहून आईचा फोन. ताईच्या बाळाचा रिपोर्ट आलाय. सिकलसेल. ताईच्या रक्तात दोन पट्टे, भाऊजींच्याही दोन. एक चांगला, एक वाईट, म्हणून दोघं धडधाकट. बाळाला एकच. वाईट तोच. आई अडखळत वाचत होती आणि मला दुपारचं जेल दिसत होतं. ब्यूटिफुल म्हणे!

"तू तर रक्तावरच काम करतोस नं रे बाबू? सांग नं, काय करायचं?"

पाणी भरपूर पाजा, ताप आला की लगेच दवाखान्यात न्या, एवढं सांगितलं. हे तिथल्या डॉक्टरनं सांगितलंच असणार. आई, मी माशांचं रक्त बघतो गं, आणि नुसतं बघतोच. हे तोंडून निघालंच नाही.

फोन ठेवताना तिचा आवाज जरा सावरला होता. ताईला म्हणत होती, "रडू नको, आपल्या घरात रक्तातलं कळणारा आहे नं एक."