पाटीवरची आठ वर्षं

ग्रेनहाइथ बंदर,
मंगळवार, ६ नोव्हेंबर १८६६

चि. टॅमसिन हिला अनेक आशीर्वाद.

प्रभुकृपेने इकडे सारे ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. सोबत लोकरीचे मोजे पाठवते. टाचांना काकांच्या जुन्या बंडीची लोकर लावली आहे, रंग वेगळा दिसेल, पण बुटात कोण बघतंय? तांबडी कोंबडी अंडी देईनाशी झाली. रविवारी चॅपलमध्ये स्तोत्र म्हणायला उभी राहिले तर घशातून नुसता वाराच आला. तू शेजारी असलीस की इतकी वर्षं मी फक्त ओठ हलवायचे. आता तू नाहीस, तरी आवाज निघत नाही.

हे पत्र मिसेस गजनच्या हाती देते आहे. तू आता राहतेस त्या वाटाड्यांच्या मंडळाच्या घरचे कपडे धुवायला तीच जाते. काल कुंपणापाशी म्हणाली, “तुमची पोरगी मोठी माणूस झाली हो. मला सांगते, कॉलरला कांजी कमी घाला, मानेला खुपते.” मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

धुकं आज चौथ्या दिवशीही वाळूच्या पट्ट्यावरून हललेलं नाही. ‘पेशन्स’ होडी आतच रुतली आहे. तिच्यावर तुझे जेबेझकाका आणि आणखी सहाजण. गुरुवारी पहाटेच्या ओहोटीला त्यांना आणायला तुला धुक्यात पाठवणार, असं कळलं.

आता जे लिहायचं ते लिहिते. सकाळपासून दोनदा चूल सारवली, तरी हे टळत नाही.

धुकं माणसाला त्याच्या आईच्या आवाजात हाक मारतं आणि खोल पाण्याकडे नेतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर मंडळ आईचा आवाज न ऐकलेली अनाथ मुलंच होड्या बाहेर आणणारे वाटाडे म्हणून निवडतं. तू चार वर्षांची असताना तुला आमच्याकडे ठेवलं, ते मला लिहिता-वाचता येतं म्हणून. मी शेवटच्या परीक्षेपर्यंत शिकलेली. वाढवणारीचा आवाज पोरीच्या कानात आईचा होऊन बसू नये, म्हणून तुझ्याशी पाटीवर बोलेन, तोंडाने एक शब्द काढणार नाही, अशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. काकांना बंदी नव्हती. ते दिवसभर तुझ्याशी गप्पा मारायचे, तुला शीळ शिकवायचे, आणि मी खडू घेऊन बसायचे.

तुला सातव्या वर्षी लाल ताप आला होता. त्या तापात उशाशी देवदूत बोलत होता, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. पाद्रीबाबांनाही सांगितलंस.

टॅमसिन, देवदूत नव्हता. तुझे डोळे मिटलेले होते. पाटी कुणाला दाखवणार? तीन दिवस मी तुझ्या कानाशी बोलले. काका होडीवर होते. कुणी ऐकलं नाही.

आणि शनिवारी मंडळाचे मिस्टर क्रॅबट्री घरी आले. “शेवटचं विचारतो, मिसेस पेटिफर. पोरीने तुमचा आवाज कधी ऐकलाय?” मी पाटी उचलून दाखवली, तोंडाने ‘नाही’सुद्धा म्हटलं नाही. ते हसून म्हणाले, “अशी बायको मला मिळायला हवी होती.”

मी खरं का सांगितलं नाही? तुझं नाव कापून तुला गिरणीत पाठवतील म्हणून, असं दोन दिवस स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. तू गेली नाहीस तर जेबेझला आणायला दुसरं कुणी नाही. मागच्या हिवाळ्यात एल्सी बॅग्ज धुक्यात गेली, तिच्यानंतर वाटाडी तू एकटीच उरलीस. मी नवऱ्यासाठी गप्प बसले. प्रार्थनेला गुडघे टेकले की हेच समोर येतं, आणि मी उठते.

हे पत्र मिस्टर क्रॅबट्रींना दाखव. माझं काय करायचं ते ते ठरवतील. तू आत जाऊ नकोस. जेबेझचं मी देवावर सोपवलं आहे. थकले ग आता.

तुझी,
डॉर्कस काकू


बुधवार

काकू,

तुमच्याच कागदाच्या पाठीवर लिहिते आणि मिसेस गजनबरोबर परत पाठवते. इथे सापडलं तर पंचाईत. मोजे छान झालेत, उजवा थोडा सैल आहे.

तुम्ही उगाच चूल सारवली. मला माहीत आहे. ऑक्टोबरात मी हेरिंग मासळीच्या दोन होड्या बाहेर आणल्या ना, तेव्हा धुक्याने मला हाक मारली होती. पूर्ण वाटभर. आवाज ऐकल्याबरोबर कळलं, तापातला देवदूत कोण ते. कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही, कारण त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही पाटीवर फक्त ‘पाय पूस’ लिहिलंत आणि सूप वाढलंत.

ते म्हणत होतं, “ये ग माझ्या सोन्या, ये माझ्या राजा, इकडे ऊब आहे.” मी वाळूत उभी राहून रडले थोडी. मग विचार केला, तुम्ही तापातसुद्धा मला काय म्हणत होतात? “पाणी पी. सांडू नकोस. मी इथेच आहे.” तुम्ही सोन्या कधी म्हणाला नाहीत. म्हणून ज्या बाजूने गोड हाक येईल, त्या बाजूला खोल पाणी असं समजून मी उलटी चालले. इतर वाटाड्यांना काही ऐकूच यायचं नाही, ते चाचपडत जायचे. मला निदान खोल पाणी कुठे आहे ते कळतं.

म्हणून मी जाणार. पत्र दाखवणार नाही. काकांना आणते. शीळ घातली की ते उत्तर देतील, ते गप्प बसणारे नाहीत.

एक गोष्ट मात्र ऑक्टोबरपासून मनात आहे. धुकं आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या आवाजात हाक मारत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. माझी खरी आई कोण होती, हे मंडळाच्या वहीत नाही. धुक्याला विचारावं लागलं नाही, त्याने तुमच्या आवाजात आपणहून सांगितलं.

तुझी,
टॅमसिन