हिरव्या पेन्सिलीची खूण

प्रिय खात्री,

या नावानं आता तुला कुणी हाक मारत नसेल. साप्ताहिकाच्या कचेरीत ते नाव मीच पाडलं होतं, कारण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं ‘खात्री आहे का?’ तयार असायचं. तू मला गडबड्या म्हणायला लागलीस आणि फिट्टंफाट झाली. तेवीस वर्षांनी पत्र लिहितोय, तेही एक कार्ड परत करायचं आहे म्हणून. कार्ड सोबतच्या लहान पाकिटात आहे. ते आत्ता उघडू नकोस, आधी हे वाच. उत्तराकडे सगळ्यांत शेवटी बघायची तुझी सवय गेली नसेल अशी आशा आहे.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण त्यांची कुरकूर ऐकायला निदान मी आहे, माझी ऐकायला कुणी नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात साप्ताहिकानं आपलं ‘दहा प्रश्न’ हे सदर कायमचं बंद केलं आणि कपाटं रिकामी करायला काढली. नव्या संपादकीणबाईंनी फोन करून विचारलं, की कार्डांचे अकरा खोके आहेत, रद्दीत घालू का? मी रिक्षा करून गेलो आणि सगळे घरी आणले. आता ते पलंगाखाली आहेत, कपाटावर आहेत, आणि एकावर मी रेडिओ ठेवलाय.

रोज जेवताना त्यातलं एक कार्ड काढून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ठेवतो. विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी कोणती? काँगो. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात अक्षरं किती? बत्तीस. स्वतःलाच प्रश्न विचारायचा तर उत्तर आधीच ठाऊक असतं, एवढीच काय ती अडचण. परवा केस कापताना न्हाव्याला विचारलं, तीन हृदयं असलेला प्राणी सांगा. ऑक्टोपस, हे मलाच सांगावं लागलं. तो म्हणाला, साहेब, इथं एकच सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेत. मी हसलो आणि घरी येताना वाटलं, हे तुला सांगायला हवं होतं. असं दिवसातून दोनचारदा वाटतं.

आपली कामाची रीत तुला आठवत असेलच. मी प्रश्न शोधायचा, निळ्या शाईनं कार्डावर लिहायचा, मागच्या बाजूला उत्तर. मग कार्ड तुझ्याकडे. तू दोन वेगवेगळ्या पुस्तकांत ते पडताळून पाहायचीस आणि उत्तराखाली हिरव्या पेन्सिलीनं बारीकशी तिरकी रेघ ओढायचीस. ती रेघ नाही, तर प्रश्न छापायचा नाही. नियम जुन्या संपादकांचा, पण पाळणारी तू एकटी. जिराफाच्या मानेत माणसाइतकीच सात हाडं असतात, यावर तू तीन दिवस अडून बसलीस, कारण दुसरं पुस्तक कुणीतरी वाचनालयातून नेलं होतं. शेवटी त्या माणसाच्या घरी जाऊन, दारातच उभी राहून पान वाचून आलीस! तू डावखुरी, मी उजवा, टेबल एकच. लिहिताना कोपरं एकमेकांवर आपटायची आणि प्रत्येक वेळी तू मला सरकायला लावायचीस. मी कधीच फारसा सरकलो नाही. त्यामागचं कारण तुला कळत असावं असं मला वाटायचं. तेही कधी विचारून खात्री करून घेतली नाही.

गेल्या मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझी भाची भेटली. लहानपणी दप्तर घेऊन कचेरीत यायची आणि आपल्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची, तीच. आता तिचेच केस पिकायला लागलेत. तिनं सांगितलं, की मावशी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला घर बंद करून वृद्धाश्रमात राहायला चालली आहे. मी घाबरून विचारलं, प्रकृती? तर म्हणाली, प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासली, म्हणाले, माझ्यापेक्षा चांगली आहे. पण मावशी ऐकतच नाही. गॅसचं बटण तीनतीनदा बघते. पोरांनी अभ्यासातलं काही विचारलं, की दुसऱ्या कुणाला विचारा म्हणते. माझं डोकं एकदा दगा देऊन गेलंय, तेव्हाच सुरुवात झाली, आता एकटीनं राहणं बरं नाही, असं म्हणते. भाचीनं हे थोडं हसत हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. माझा नंबर पुकारला तरी मी तसाच बसून राहिलो.

एकदा दगा दिला म्हणजे कधी, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. वार्षिक स्पर्धेचा अंक, दहावा प्रश्न, सूर्यमालेतला सर्वांत तप्त ग्रह कोणता? आपण उत्तर छापलं, बुध. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं चार पानी पत्र आलं, की महाशय, बुध सूर्याच्या सर्वांत जवळ आहे, पण सर्वांत तप्त शुक्र आहे, कारण त्याच्या दाट वातावरणात उष्णता कोंडून राहते. पहिल्या पानावर माफी छापावी लागली. संपादकांनी कार्ड मागवलं आणि तुझ्यासमोर ठेवलं. उत्तराखाली हिरवी रेघ होती. त्या दिवसांत तुझी आई दवाखान्यात होती, तू तिच्या उशाशी बसून तशीच कचेरीत यायचीस, तासाभरात कार्डं तपासून परत जायचीस. तू कार्डाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, खूण माझीच आहे. बस. कुणी तुला बोल लावला नाही. तरी आठवड्यानं तू राजीनामा दिलास. मी जिन्यापर्यंत सोडायला आलो आणि म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस. एवढंच म्हणालो मी!

आता पाकीट उघड. कार्ड तेच आहे, सातव्या खोक्यात सापडलं. तो अंक छपाईला जायचा त्या गुरुवारी तू आलीच नव्हतीस, आईंचं जास्त झालं होतं. नऊ कार्डं तयार होती, दहावं नव्हतं, आणि छपाईवाले दारात उभे राहून माझ्या नावानं शंख करत होते. सूर्याच्या जवळचा तोच तापलेला, यात बघायचं काय, असं म्हणून मी बुध लिहिलं, तुझ्या खणातून हिरवी पेन्सिल काढली आणि रेघ ओढली. संपादकांनी कार्ड पुढं केलं तेव्हा, ही माझी नाही, असं तू म्हणशील याची मी वाट बघत होतो. तू माझीच म्हणालीस. बोलायला मला अर्धं मिनिट मिळालं होतं. ते गेलं, मग दिवस गेला, मग तेवीस वर्षं गेली. सांगितलं तर तू कायमची तुटशील म्हणून गप्प बसलो आणि गप्प बसूनही तेच पदरात पडलं. प्रत्येक गोष्ट दोनदा पडताळणारी तू, स्वतःवरचा आरोप मात्र एकदाच बघून मान्य केलास. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही, आणि पत्र त्यासाठी नाहीच. एक तारखेच्या आत तुला हे कळायला हवं, म्हणून लिहितोय. घर सोडायचंच असेल तर खुशाल सोड, पण या कारणासाठी सोडू नकोस, कारण हे कारण खोटं आहे आणि ते मी बनवलेलं आहे. तुझं डोकं तेव्हा चुकलं नव्हतं. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तो किती पक्का असतो ते तुला ठाऊक आहे. एखादं जुनं कार्ड तुझ्याजवळ नसेल म्हणून तुझ्या खऱ्या खुणेची दोन कार्डं सोबत ठेवली आहेत. तिन्ही खिडकीपाशी ने, शेजारी शेजारी ठेव. तुझ्या रेघा डाव्या हाताच्या, त्या डावीकडे झुकतात. बुधाखालची उजवीकडे झुकली आहे. खात्री करून घे.

तुझाच,
गडबड्या