मोटर बारकीच घे

बेळगाव,
रविवार सकाळ

प्रिय बुद्धप्रिय,

सप्रेम जयभीम. मालुआत्या दुपारच्या गाडीनं निपाणीला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. त्यांच्यासमोर फोडू नकोस, आणि आप्पांसमोर तर मुळीच नको. काल तू त्या पाट्या कोरायच्या मशीनचा फोटो पाठवलास, खाली लिहिलंस, ‘मंगळवारी चौतीस नंबरच्या मोटरी मागवतोय, फायनल.’ फायनल म्हणे! तेवीस नंबरची बारकीच पुरते, पुरते म्हणून महिनाभर सांगताना माझी जीभ झिजली. कारखान्यात दिवसभर मशीनं दुरुस्त करते मी. ऐकायचंच नव्हतं तर विचारलंस कशाला?

तुझं गणित मी तपासलं. शाळेत गणित शिकवतोस, त्यामुळे गुणाकार-भागाकार चोख आहेत. चूक आहे ती पहिल्याच ओळीत. कोरणारं यंत्र ज्याच्यावर बसतं त्या आडव्या पुलाचं सगळं वजन मोटरीनं वर उचलायचंय असं तू धरलंस, विहिरीतून घागर शेंदावी तसं. अरे बाबा, तो पूल रुळांवर बसलाय! दातेरी पट्ट्यानं त्याला नुसतं मागंपुढं ओढायचंय. लाकूड कोरताना जेवढं अडवेल ते, आणि झटकन दिशा बदलायला लागेल ते बळ, दोन्ही धरून वर दुप्पट केलं तरी तेवीस नंबरची आरामात ओढते. आणि वजन जिथं खरोखर लटकतंय, कोरणारं यंत्र खालीवर होतं तिथं, तू घरात पडून असलेली सगळ्यात बारकी मोटर लावलीस! लाईट गेली की ते यंत्र धाडकन खाली येऊन पाटीत रुतेल. तिथं ब्रेकवाली मोटर लाव. निपाणीत लाईट जात नाही असं काही तू म्हणणार नाहीस.

हे मोठ्या मोटरीचं खूळ कुठून आलं तेही मला ठाऊक आहे. महादेवमामा. बोअरवर मोटार बसवायची तर लागते त्याहून एक नंबर मोठी, हा मामाचा नियम, आणि मामाचाच कशाला, आपल्याकडं सगळ्या शिवाराचा. ‘व्होल्टेज पडतंय रं, बारकी जळती.’ बोअरला ते चालून जातं. पण तुझी मोटर पाणी उपसणार नाही, ती मोजून पावलं टाकणार. मोठी मोटर तुझ्याकडच्याच ड्रायव्हरवर, म्हणजे मोटरीला वीज सोडणाऱ्या त्या डबीवर, जोडलीस तर सावकाश फिरताना पैलवान, आणि जरा पळवली की दम संपला. वर तिचं स्वतःचं ओझं त्या पुलाला. नाकापेक्षा मोती जड. हे सगळं मी मामाला फोनवर समजावून सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘व्हय व्हय, खरं हाय तुझं. पर मोठी असल्याली बरी.’ मी हात टेकले. आप्पांना विचारलं तर त्यांचं तिसरंच. ‘मोठीच घाला. मधी अडाय न्हाय पायजे.’ तिघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय का?

चिडते मी, पण हे मशीन तू कशापायी मांडलंस ते विसरले नाही. विहाराच्या नावाची पाटी कोरताना आप्पांचा हात थरथरला, पटाशी घसरली आणि अक्षराचा कानाच उडाला. त्यांनी पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि ‘आता बास झालं’ म्हणून उठले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना इतकं मोडलेलं पाहिलं नव्हतं. मी नुसती रडत बसले. तू दुसऱ्या दिवशी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घेऊन आलास आणि म्हणालास, अक्षर आप्पा काढतील, कोरेल मशीन. तेव्हा तुझा फार अभिमान वाटला रे. सांगायचं राहून गेलं होतं.

आणि त्या मशीनजवळ आप्पा कसे वागतील हे तुलाही माहीत आहे. सॉ मिलमध्ये उभा जन्म गेला. चालू पात्याजवळचा भुसा ते हातानंच सारायचे. पातं बंद करून भुसा काढणारा म्हणजे त्यांच्या हिशेबी कारकून! आई ओरडायची, तर म्हणायचे, ‘पातं कुठं हाय ते कानाला कळतंय गं.’ आणि खरंच कळायचं. सगळी बोटं शाबूत घेऊन त्या मिलमधून बाहेर पडलेली माणसं किती आहेत, सांग बरं. आता परवाच्या तुझ्या व्हिडिओत पूल सरकतोय आणि ते पुढं वाकून रुळावरचा भुसा पुसतायत. तू मागून हसतोयस. मला तो व्हिडिओ पुरता बघवला नाही.

मागच्या महिन्यात आप्पा चार दिवस माझ्याकडं राहून गेले ना, तेव्हा त्यांना चष्म्यासाठी आणलंय असं मी तुला सांगितलं. चष्मा नव्हता. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. उजव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, डाव्यानं समोरासमोर बोललेलं तेवढं कळतं. मिलच्या आवाजानं गेलेत, परत येणार नाहीत, कानाचं मशीन लागेल पण आपला माणूस ते लावणार नाही. फोन ते स्पीकरवर का ठेवतात, तू मागून हाक मारलीस की ओ का देत नाहीत, आता तुझं तूच बघ. ‘बुद्धाला सांगू नगंस, त्यो मशीन बंद करंल,’ म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. ते मी आज मोडतेय. मोठी मोटर मधे हात आला तरी रेटत जाईल रे, आणि ती जवळ आल्याचं त्यांना ऐकू येणार नाही. बारकी असली तर हात चेमटेल, लागेल, पण ती पावलं चुकवत खटखटत जागीच अडेल. कोरणारं पातं कुणाचंच ऐकत नाही, त्याला झाकण कर आणि त्यांच्या हाताशी लाल बटण बसव. पण मशीन बंद करू नकोस, पाया पडते. ते गेलं तर आप्पांना उठायला काही कारण उरणार नाही. मोटर बारकी का आणलीस म्हणून ते विचारतील, तेव्हा सांग, आक्कानं भांडभांडून डोकं उठवलं, तिच्यापुढं माझं काही चाललं नाही. त्यावर त्यांचा लगेच विश्वास बसेल.

तुझीच भांडखोर,
उपासनाआक्का