सून इथंच राहती का?

आप्पा, या उन्हाळ्यात तुमच्या सुनेची चौकशी करायला आपल्या घरी पोलीस आले होते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कुरकुंभच्या कंपनीत नुकता लागलो होतो. पुढं मी ओमानला गेलो, आणि तिथल्या दवाखान्यात दरवर्षी जी आम्हा कामगारांचं रक्त तपासणीसाठी काढायची, ती फिलिपाइन्सची मुलगी आता माझी बायको आहे. सुई टोचताना मी तोंड फिरवतो हे पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या वर्षी ती आपणहून म्हणाली, त्या भिंतीकडं बघ. तिथून सुरू झालं म्हणा. लग्न पुण्याला नोंदवलं आणि तिकडचं काम संपल्यावर दोघं इथं, नदीकाठच्या आपल्या घरात राहायला आलो. तिच्या व्हिसाची मुदत सारखी वाढवून घ्यावी लागायची. परदेशी बायकोला नवऱ्याच्या नात्यावर इथं कायम राहता येईल असं एक कार्ड मिळतं, त्याला आम्ही अर्ज केला. अर्ज केला की पोलीस घरी येऊन बघतात, लग्न खरं आहे का, दोघं एकत्र राहतात का. अहवाल उलटा गेला असता तर तिला परत जावं लागलं असतं.

अर्ज केल्यापासून मला तिच्यापेक्षा तुमच्याविषयीच प्रश्न पडायला लागले. तुम्हीही इथं बायकोच्याच नात्यानं आलात. आईला भाऊ नव्हता, म्हणून दौंड तालुक्यातल्या वरवंडकडचे तुम्ही भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात घरजावई झालात. पूल तेव्हा नव्हता, होडी होती. होडीतून उतरल्यावर तुम्ही मागं वळून दौंडचा काठ बघितला का? सासऱ्याच्या घरात माठातलं पाणी आपल्या हातानं घ्यायचं की कुणी आणून देईपर्यंत थांबायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या सुनेनं मला पहिल्याच दिवशी हळूच विचारलं होतं, फ्रीज मी उघडला तर चालेल का? मला हसू आलं. नंतर मात्र तुमची आठवण आली आणि हसू थांबलं.

गावच्या पाणीवाटप सोसायटीची ती सभा मला आठवते. मी दौंडला आयटीआयला होतो, सुट्टीत तुमच्याबरोबर आलो होतो. पाण्याच्या पाळीवरून वाद चाललेला, तुम्ही बोलायला उभे राहता, आणि समोरून एक जण अगदी गोड आवाजात म्हणतो, "पाव्हणं, तुमी बसा. च्या घ्या." लोक हसतात. तुम्ही बसता. खरंच चहा घेता. घरी येताना मी धुमसत होतो, तर तुम्ही म्हणालात, "आरं, पाव्हण्याला पयला च्या मिळतुय. त्यास्नी अजून मिळाला न्हाई बघ." मला तेव्हा तुमचा राग आला होता. तुम्हाला काही वाटलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

आईला सून पसंत नव्हती, हे तुम्ही ओळखलंच असेल. "भाताबिगर हिला दुसरं काय दिसत न्हाई, भाकरीबिगर पोट कसं भरतंय हिचं," एवढंच म्हणायची आणि तेही माझ्याकडं बघून. तिला थेट काही म्हणायची नाही. सुनेसाठी कप वेगळा, पाहुण्यांतला. सून भाकरी थापायला बसली की पापडाएवढी व्हायची. आई ती मुकाट्यानं भाजून घ्यायची. सुनेची आई व्हिडिओ कॉलवर आली की मात्र आपली आई फोन घेऊन अंगणात जायची आणि कोंबड्या दाखवायची. पलीकडून त्या बाई त्यांच्या कोंबड्या दाखवायच्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळायचा नाही, पण कोणती अंड्यावर बसलीय हे बरोबर कळायचं.

हवालदार आले तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्यांनी आधी आम्हा दोघांचे जबाब घेतले, खोली बघितली, शेजारी विचारून आले. मग आईसमोर खुर्ची ओढून बसले.

"आजी, खरं सांगा. सून इथंच राहती का? का नुसती कागदावर हाय?"

"कागदावर कोण राहतंय, साहेब? कागदावर भांडी घासता येत्यात व्हय?"

"तसं न्हाई. मला वर लिहून द्यावं लागतं. कशावरनं म्हणता, ही या घरचीच हाय?"

आईनं हातातली शेंग फोडली. मी तिच्याकडं बघत होतो आणि मला खरंच सांगता येत नव्हतं, ती आता काय बोलेल. बायकोनं माझा शर्ट मागून धरला होता.

"आमचं दोघींचं भांडान झालंय," आई म्हणाली.

"कवा? कशावरनं?"

"हिनं माजी शिळी भाकरी कोंबड्यास्नी घातली. मी दुधात कुस्करून खाती ती. मी बोलले, तर ही बी बोलली. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. कुणी माघार घेतली न्हाई. मग चार दिस बोलणं बंद. ताट वाढायचो एकमेकींना, पर बोलायचो न्हाई." शेंगांची टोपली बाजूला सारून ती म्हणाली, "पाव्हणीसंगं कोण भांडतंय, साहेब? पाव्हणीला गोड बोलून वाटंला लावत्यात. लिवा तुमी."

हवालदार हसले. त्यांनी भांडण लिहिलं की नाही, ते मला माहीत नाही. चहा घेऊन गेले. बायकोला निम्मंच कळलं होतं, तिनं आईला विचारलं, "आई, तू माझा चुगली केला?" आणि आई म्हणाली, "व्हय, केली."

मग आईनं मला ते सांगितलं, जे तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी बांधावरून शेजाऱ्याशी तुमची जुंपली. त्यानं तुमची सात पिढ्यांपर्यंत आईबहीण काढली, सदरा फाडला. तुम्ही फाटक्या सदऱ्यानं घरी आलात आणि आईला म्हणालात, आज पुरण घाल. तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तुम्ही म्हणालात, "आज त्यानं मला पाव्हणं म्हटलं न्हाई. येकदा बी न्हाई." आईनं हे सांगितलं आणि पदरात तोंड घालून इतकी हसली की सून पाणी घेऊन धावली. मला मात्र त्या सभेतला चहा आता वेगळाच दिसायला लागलाय. एकदा गावचे झालात, तरी पुन्हा पाहुणे केले जात होतात. मग आप्पा, माणूस नक्की कधी कायमचा होतो? का ते रोजच थोडं थोडं व्हावं लागतं? जमीन शेवटपर्यंत आईच्याच नावावर राहिली, आणि तरीही मोटर बिघडली की लोक तुम्हालाच हाक मारायचे.

कार्ड परवा आलं. बायकोनं ते आधी आईच्या हातात दिलं. आईनं फोटो बघून म्हटलं, "तोंड का सुजलंय हिचं यात?" आता बायको शिरूरच्या एका लॅबमध्ये कामाचं विचारून आलीय. हे कार्ड असलं तरी शेतजमीन तिला विकत घेता येत नाही, हे तिला सांगितलं, तर म्हणाली, मला कशाला, मला उन्हात उभं राहवत नाही.

एक गोष्ट राहिली. जाताना हवालदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आन् न्हाईच मिळालं तर काय करणार?" मी "बघू" म्हणालो. खरं तर मी आधीच बघून ठेवलं होतं. तिच्या देशातही नवऱ्याला बायकोच्या नात्यावर कायम राहता येतं. त्याची सगळी माहिती काढली होती, पासपोर्टची मुदत वाढवून घेतली होती. मी जाणार होतो, आप्पा. आईला इथं ठेवून जाणार होतो. त्याचं दुःख व्हायला हवं होतं, थोडं झालंही. पण त्याहून जास्त मला उत्सुकता वाटत होती, तुमच्यासारखं पाव्हणं होऊन बघायची. हे आईला सांगायची माझी छाती नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहून ठेवतोय.