गस्तीची शिटी

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज लिहायलाच हवं. शेजारची रुखसाना अखेर केमोला तयार झाली! लिम्फोमासारखा कॅन्सर असून बाई काढ्यावर बसली होती. सल्ला लेकीचा. शबाना डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला जाते.

"मॅडम, नोट्समध्येच आहे. पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते संदेश-रेणू वाढले की रोग हटतो. काढ्याने तेच वाढतात," शबाना म्हणाली.

"हा रोगच पांढऱ्या पेशींचा आहे," मी म्हटलं. "त्याच रेणूंवर तो जगतो आणि स्वतःही तेच रेणू पाठवून रोगाशी लढणाऱ्या पेशींना गप्प बसवतो."

रुखसानाला काही उमगेना. मग मी तिला भूकंपानंतरच्या रात्रीच्या गस्तीची आठवण दिली. आम्ही सगळे तंबूत, शिटी वाजली की सगळं ठीक. तरी चोऱ्या व्हायच्या.

रुखसाना ताडकन उठून बसली. "हाव! चोर गस्तीतलाच निघाला होता. जेवायचा आमच्यात अन् शिटी वाजवून आमालाच झोपवायचा. तसलाच हाय का ह्यो?"

तसलाच! इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, ती झोपवणारी शिटी मला कशी सुचली नाही?

"मग काढा कशाला पिऊन राहिले मी? जाते नांदेडला केमोला."

"शबाना, तुझी आई क्लास न लावता पास झाली!"

उद्या सकाळची एसटी. काढ्याची बरणी शबानाने माझ्या हाती दिली. तोंड पाडून, पण दिली.