नमुन्याच्या बाटलीत हळद

नागपूर, रविवार, जानेवारी १९७४

सकाळीच रत्नागिरीहून परतले. नावेत उभं राहून जाळं मी स्वतः ओढलं होतं. तळहातावर दोराचा फोड आहे अजून. जाळ्यात आलेले समुद्रातले बारीक जीव बाटलीत भरून आणले, उद्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. आणि आईनं बाटली देवापुढे ठेवून आत हळद-कुंकू टाकलं!

"काहून वं आई?"

"समुद्राचं पाणी आणलं न तू? मंग पूजा नोको करू?"

आता सरांना काय सांगू? इतकी चिडले की जेवायलाही बसले नाही. तेवढ्यात तिला माझा फोड दिसला. तिनं त्याच डबीतली हळद त्यावर दाबली.

राग आहेच अजून. हात मात्र धुतला नाही.